खारा वारा आणि विजेचे कुंपण

‘विजेचे कुंपण’ हे एकच नाव आपल्याकडे दोन अगदी भिन्न वस्तूंना दिले जाते, आणि या नामसाम्यापायी माणसे दगावतात. पहिली वस्तू म्हणजे पंपाच्या खोलीतल्या बोर्डावरून ओढलेली उघडी तार. रानडुकरे ऊस खातात म्हणून ती रात्री शेताभोवती सोडायची आणि पहाटे बटण बंद करायचे. बटण बंद करायचे राहिले, किंवा शेजारचा गडी पिकाला पाणी सोडायला बांधावरून आला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. दुसरी वस्तू म्हणजे ठराविक अंतराने विजेचे ठोके देणारे यंत्र जोडलेले शास्त्रोक्त कुंपण. याचा झटका जबर असतो. पण माणसाला मागे हटवावे एवढाच त्याचा हेतू असतो आणि तेवढ्याच मापाने तो बांधलेला असतो.

या लेखात मला सांगायचे आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी, आणि तेही समुद्रकाठच्या शहरातील घराच्या संदर्भात. पण पहिल्याचा विषय अधूनमधून निघेलच. कारण समुद्रकाठी दुसरे कुंपण लवकर मंदावते, आणि ते मंदावले की लोकांना पहिल्याचा मोह होतो.

माझा या गोष्टीशी संबंध आला तो नात्यातून. माझे मामा-मामी वास्कोला राहतात. दोघेही सत्तरीच्या पुढचे, मुले परदेशी. घर जुने, चिऱ्यांचे, भोवती चिऱ्यांचाच पुरुषभर उंचीचा गडगा, आत चार माड आणि एक विहीर. शेजारच्या बंद घरात चोरी झाली तेव्हा मामांनी गडग्यावर विजेचे कुंपण बसवून घेतले. भाचा पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा त्याची देखभाल ओघानेच माझ्याकडे आली. गेली काही वर्षे मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत लोंढ्याहून गाडी पकडायची आणि दोन दिवस शिडीवर काढायचे, असा माझा क्रम आहे. पुढे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे त्या शिडीवरून पाहिलेले आहे.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. घरात येणारा २३० व्होल्टचा प्रवाह हे यंत्र कुंपणाला कधीच देत नाही. तो आत घेऊन यंत्र एक कपॅसिटर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले धारित्र, काहीशे व्होल्टपर्यंत भारते. सेकंद-सव्वा सेकंदाने थायरिस्टर नावाची इलेक्ट्रॉनिक कळ उघडते, धारित्रातली सगळी ऊर्जा एका रोहित्रात एकदम रिती होते, आणि रोहित्राच्या दुसऱ्या बाजूस पाच ते दहा हजार व्होल्टचा क्षणिक ठोका उमटतो. नळाची धार आणि तांब्याने फेकलेले पाणी यांत जो फरक, तोच इथे. तांब्यात मावते तेवढेच पाणी अंगावर येते.

आकडे घातले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. धारित्र २० मायक्रोफॅरडचे आणि ६०० व्होल्टपर्यंत भारलेले असेल, तर ½CV² या सूत्राने त्यात ३.६ ज्यूल ऊर्जा साठते. आंतरराष्ट्रीय मानकाने (आयईसी ६०३३५-२-७६, आपले भारतीय मानक आयएस ३०२, भाग २, विभाग ७६ हे त्याचेच भावंड) अशा यंत्रांवर मर्यादा घातल्या आहेत. ५०० ओहमच्या रोधात एका ठोक्याला ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये आणि दोन ठोक्यांत निदान एक सेकंदाचे अंतर हवे. आता कमाल मर्यादेवरचा एक ठोका घ्या: ५,००० व्होल्ट, ५०० ओहम, म्हणजे १० अँपिअर प्रवाह आणि ५०,००० वॉट शक्ती. आकडे ऐकून छाती दडपते. पण हा ठोका टिकतो सेकंदाचा दहा हजारावा भाग. गुणाकार केला की हाती ५ ज्यूलच येतात.

याच्या उलट थेट तारेचा हिशेब. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा रोध १,००० ओहम धरला तरी २३० व्होल्टने त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सुटत नाही. घरातल्या गळतीरक्षक स्विचला ३० मिलिअँपिअरला वीज तोडायला लावतात ते उगाच नव्हे. हृदयाचा एक ठोका सुमारे पाऊण सेकंदाचा; तेवढा वेळ प्रवाह छातीतून वाहत राहिला की हृदयाची लय बिघडते. ठोक्याच्या कुंपणात प्रवाह हृदयाला कळायच्या आत संपलेला असतो, आणि पुढचा ठोका येईपर्यंत हात सोडवून घ्यायला पुरा एक सेकंद मिळतो. म्हणजे जीव वाचतो तो या ‘वेळे’मुळे, व्होल्ट किती हा प्रश्न त्यामानाने गौण. विद्यार्थ्यांनी एवढे एक लक्षात ठेवले तर ‘दहा हजार व्होल्ट वाईट, दोनशे तीस बरे’ हा सार्वत्रिक गैरसमज निदान आपल्या घरापुरता तरी दूर होईल.

ही विद्या आली गुराख्यांकडून. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन येथे बिल गॅलघर या गृहस्थाने १९३० च्या दशकात गुरांसाठी विजेची कुंपणे बनवायला सुरुवात केली. त्याचा घोडा मोटारीला अंग घासून तिला हैराण करी, म्हणून त्याने मोटारीलाच झटका देण्याची सोय केली, अशी त्याच्या उद्योगाची मूळकथा सांगतात. पण त्या काळची कुंपणे गवत टेकले की मरून जात. १९६२ मध्ये त्याच देशातल्या डग फिलिप्स याने धारित्र रिते करण्याची युक्ती कुंपणाला लावली आणि थोडीफार गळती असतानाही जोर टिकवणारे कुंपण शक्य झाले. आजचे प्रत्येक यंत्र त्याच वंशातले आहे.

शेतातले कुंपण आणि घराच्या भिंतीवरचे कुंपण यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. गुरू जमिनीवर उभे असते; तारेला तोंड लावले की प्रवाह तार, गुरू, जमीन या वाटेने यंत्राच्या भूसंपर्काकडे परततो. गडग्यावर चढलेला चोर कोरड्या चिऱ्यावर, कदाचित रबरी चपला घालून, उभा असतो. त्याच्यापुरते मंडळ पूर्णच होत नाही. तारेवर बसलेल्या कावळ्यासारखीच त्याची स्थिती. म्हणून भिंतीवरच्या कुंपणात एक तार ठोक्याची, पुढची भूसंपर्काची, पुन्हा ठोक्याची, अशी आळीपाळीने रचना करतात. दोन तारा फाकवून आत शिरू पाहणाऱ्याच्या दोन हातांतच मंडळ पुरे होते. शिवाय ठोका कुंपणभर फिरून यंत्राकडे परत आला की नाही हे यंत्र तपासत असते. तार तुटली किंवा जमिनीला टेकली की भोंगा वाजतो. माझ्या मते खरा पहारेकरी हा भोंगाच आहे. झटक्याने चोर थबकतो, पण शेजारी जागे होतात ते भोंग्याने. शेतासाठीचे स्वस्त यंत्र घरावर बसवणारे लोक नेमके हेच गमावतात.

आता समुद्राकडे वळू.

लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर येतात, वाटेत सुकतात, आणि मिठाचा अदृश्य थर प्रत्येक वस्तूवर बसतो. वास्कोत त्याच्या जोडीला बंदराच्या बाजूने येणारी कोळशाची धूळ. कुंपणाच्या खांबांवर तारा ज्या प्लॅस्टिकच्या किंवा चिनीमातीच्या आधारांवर असतात, त्यांना इन्शुलेटर म्हणतात. हा थर नेमका त्यांच्यावरच साचतो. कोरडे मीठ विजेचे वाहक नाही. पण साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागते. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे सूर्य मावळला की प्रत्येक इन्शुलेटरभोवती खाऱ्या पाण्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यावरून ठोका थोडाथोडा खांबात, खांबातून भिंतीत झिरपू लागतो. एका इन्शुलेटरची गळती नगण्य. पण साठ मीटरच्या गडग्यावर वीस खांब आणि प्रत्येकावर सहा तारा धरल्या तर १२० इन्शुलेटर होतात.

यातून जी गोष्ट निघते ती बसवणारा कारागीर सहसा सांगत नाही. कारागीर येतो सकाळी अकराला. ऊन तापलेले असते, इन्शुलेटर वाळलेले असतात, मापकावर सात हजार व्होल्ट दिसतात, आणि मालक समाधानाने पैसे देतो. त्याच कुंपणावर पहाटे पाचला मी तीन हजार मोजले आहेत. चोर अकराला येत नाही. तेव्हा कुंपण मोजायचे ते पहाटे, दव पडलेले असताना. दुपारचे माप म्हणजे निव्वळ मनाची समजूत.

आणखी एक मौज. सर्वांना वाटते की पावसाळ्यात कुंपण सर्वांत अशक्त असेल. तसे नाही. सर्वांत वाईट काळ मेअखेरचा. सहा-सात महिने पाऊस नाही, मिठाचा आणि धुळीचा थर जाड झालेला, आणि वळवाची नुसती भुरभुर येते. थर धुऊन जाण्याइतके पाणी नसते, तो ओला होण्याइतके असते. किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्यांचे इन्शुलेटरही याच कारणाने अशा वेळी चटचटतात. पुढे जूनमध्ये मुसळधार लागली की थर आपोआप धुतला जातो आणि कुंपणाला पुन्हा तजेला येतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा धुणारा फुकट मिळतो, तो फक्त चार-पाच महिनेच येतो इतकेच.

उरलेल्या महिन्यांत ते काम आपण करायचे. यंत्र बंद करून, बॅटरीची तार सोडवून, नळीने विहिरीच्या गोड्या पाण्याचा फवारा प्रत्येक इन्शुलेटरवर खालून वर मारायचा आणि जुन्या सुती फडक्याने पुसायचे. साबण नको, तेल तर नकोच. तेलावर धूळ चिकटते. नाताळात एकदा, मार्चमध्ये एकदा आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा, इतके पुरते. मामांच्या कुंपणावर धुण्याआधी आणि धुतल्यानंतर पहाटेच्या मापात दोन-अडीच हजार व्होल्टचा फरक पडतो. यासाठी लागतात त्या एवढ्याच वस्तू: दोन बादल्या पाणी आणि एक फडके.

हे न कळल्यामुळे काय घडते पाहा. मामांच्या गल्लीत येणाऱ्या एका वायरमनने कुंपणाचे रोगनिदान एका वाक्यात केले होते. “काका, ह्या मशीनमध्ये काय जोर नाही. मेनवरून एक वायर सोडून देतो, मग बघा कोण हात लावतो ते.” तो काही दुष्ट माणूस नव्हे. दिवाळीला मामींच्या हातच्या करंज्या घेऊन जाणारा, कामसू माणूस. मामांनी “माझ्या भाच्याला विचारून सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. मी त्याला गच्चीवर नेऊन खालचा रस्ता दाखवला. गडग्याला लागून नळ आहे. तिथे मजुरांची पोरे आंघोळ करतात, ओल्या अंगाने गडग्यावर चढून करवंदासारखी पिकलेली जांभळे काढतात. “यातला कोण चोर?” एवढेच विचारले. तो काही बोलला नाही, पण नंतर इन्शुलेटर पुसायला तोच माझ्याबरोबर आला.

धातूंविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पैसे वाया जातात ते इथे. बाजारात तीन प्रकारच्या तारा मिळतात: जस्ताचा थर दिलेली लोखंडी, ॲल्युमिनियमची आणि स्टेनलेस पोलादाची. गंजाच्या दृष्टीने हवेचे वर्ग पाडणारे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात साध्या शहरी हवेच्या मधल्या वर्गात जस्ताचा थर वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतो असे धरतात; समुद्रकाठच्या खाऱ्या हवेच्या वर्गात तो ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो. जस्ताचा थर जाड, समजा ३० मायक्रॉनचा, असला तर बेळगावसारख्या ठिकाणी तो पंधरा-वीस वर्षे सहज निघेल. वास्कोत चार-सहा वर्षांत त्याचा निकाल. आणि स्वस्त तारेवरचा थर याच्या निम्माही नसतो. म्हणून “आमच्या बेळगावच्या फार्महाउसवर तर तीच तार आहे” हा पाहुण्यांचा दाखला किनाऱ्यावर उपयोगाचा नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात ते अर्धसत्य आहे. त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण तार मऊ असते, माडाची झावळी पडली की ताणून लोंबते. स्टेनलेस पोलादात दोन जाती नेहमी आढळतात, ३०४ आणि ३१६. दुसरीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठापुढे टिकण्याचे बळ त्याचेच. ३०४ वर दोन पावसाळ्यांत चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके उठतात. स्टेनलेसचा विद्युत्-रोध जास्त असतो हे खरे; १.६ मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर तारेचा रोध सुमारे ३६ ओहम भरतो, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचा दीड ओहमही नाही. कित्येक मैलांच्या शेतकुंपणाला हे बाधेल. घराच्या कंपाउंडवर ठोक्याच्या तीन तारा मिळून १८० मीटर भरल्या तरी ६५ ओहमच होतात. माणसाच्या ५०० ओहमपुढे ते सोसण्यासारखे आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर मी डोळे मिटून ३१६ घ्यायला सांगेन. महाग पडते, पण एकदाच पडते.

तार कोणतीही घ्या, सांधे त्याच धातूचे हवेत. दोन भिन्न धातू एकमेकांना लागून खाऱ्या ओलाव्यात राहिले की त्यांचा एक छोटा विद्युत्-घट तयार होतो आणि त्यातला सक्रिय धातू झिजत जातो. बारावीच्या रसायनशास्त्रात आपण हे प्रयोगवहीत लिहितो आणि विसरतो. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर पिळून जोडली की वर्षभरात सांध्यावर पांढरी भुकटी दिसते. सांधा धरलेला दिसतो, पण वीज त्यातून जात नाही, ठिणगी मारत उडी घेते. म्हणून पीळ मारून सांधा करू देऊ नये. दाबून किंवा नटबोल्टाने आवळून बसणारी, तारेच्याच धातूची क्लिप वापरावी.

यंत्रापासून कुंपणापर्यंत जाणारी वायर हा दुसरा नेहमीचा घोटाळा. घरात वापरायच्या वायरीवर ‘११०० व्होल्ट’ असे छापलेले असते आणि ते खरेच असते. तीतून आठ हजारांचा ठोका नेला तर तो प्लॅस्टिक भेदून भिंतीत शिरतो. यासाठी दुहेरी आवरणाची उच्च दाबाची केबल मिळते. तीच घ्यावी आणि ती घरातल्या इतर वायरींच्या नळीतून कधीही नेऊ नये.

भूसंपर्काचे काम किनाऱ्यावर सोपे असेल असे वाटते, कारण जमीन दमट. पण गोव्यातली बरीच घरे जांभ्यावर उभी आहेत. जांभा पावसात पाणी पितो आणि मार्च-एप्रिलमध्ये भाजलेल्या विटेसारखा कोरडा होतो. त्यात दीड मीटर सळई ठोकणे हेच एक दिव्य, आणि ठोकली तरी उन्हाळ्यात तिला ओल लागत नाही. मामांकडे आम्ही सळया ठोकल्या त्या माडाच्या आळ्यांत, जिथे रोज न्हाणीचे पाणी जाते. मीठ-कोळशाचा खड्डा करण्याची जुनी रीत आहे. ती चालते, पण मीठ सळईलाही खाते, तेव्हा दोन-तीन वर्षांनी उकरून पाहावे. एक पथ्य मात्र कडक आहे. कुंपणाचा भूसंपर्क आणि घराच्या मीटरचा भूसंपर्क कधीही एक करायचा नाही, पाण्याच्या नळालाही तो जोडायचा नाही. दोहोंत शक्य तितके, जमल्यास दहा मीटर, अंतर ठेवावे. नाहीतर मोरीतला नळ धरला की हाताला टिचक्या बसू लागतात.

यंत्र निवडताना दुकानदार व्होल्ट सांगतो. आपण ज्यूल विचारावेत, आणि तेही साठवलेले किती आणि बाहेर पडणारे किती हे वेगवेगळे. घराच्या साठ-शंभर मीटर कंपाउंडला एक-दोन ज्यूल बाहेर पडणारे यंत्र पुष्कळ झाले. मोठे घेतल्याने मिठाची गळती थांबत नाही. यंत्रावर किंवा त्याच्या कागदपत्रांत वर सांगितलेल्या मानकाचा उल्लेख नसेल तर ते हातातून खाली ठेवावे. बिनछापाच्या खोक्यात ठोक्यांमधले अंतर कशाने राखले आहे हे आपल्याला उघडून पाहता येत नाही. एका कुंपणाला दोन यंत्रेही जोडू नयेत, कारण दोघांचे ठोके मिळून मधला सेकंद नाहीसा होतो. विजेचा खर्च किरकोळ आहे. सात-आठ वॉटचे यंत्र अहोरात्र चालले तरी महिन्याला सहा युनिटांच्या आत.

वीज गेली की यंत्र बॅटरीवर चालते. यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी असते. नवी असताना ती रात्र काढते. उष्ण हवेत तिचे आयुष्य दोन-तीन वर्षे. तिचा मृत्यू बाहेरून दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मेन बंद करून दोन तास यंत्र चालते का ते पाहावे. मामा हे काम वर्तमानपत्र वाचायच्या वेळी करतात.

बाकीची देखभाल म्हणजे नजर. श्रावणात वेली एका आठवड्यात तारेपर्यंत पोहोचतात. पाली दोन तारांच्या मध्ये सापडून तिथेच वाळतात आणि ठोक्याला वाट करून देतात. यंत्राच्या पेटीत मुंग्या घर करतात. उन्हाने प्लॅस्टिकच्या इन्शुलेटरला केसासारखी चीर पडते आणि तिच्यात मीठ शिरते. असा इन्शुलेटर धुऊन सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. गळती कुठे आहे हे सापडत नसेल तर रात्री दिवे मालवून गडग्याभोवती फिरावे. निळी ठिणगी दिसते, टक-टक ऐकू येते. याहून सोपी युक्ती म्हणजे जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर. दोन स्टेशनांच्या मधल्या जागी लावून तो हातात धरून चालावे. बिघाडाजवळ आले की प्रत्येक ठोक्याला तो खरखरतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या कित्येक महागड्या उपकरणांपेक्षा मामांचा हा चाळीस वर्षांचा रेडिओ मला जास्त उपयोगी पडला आहे. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी वादळांत मात्र यंत्र मेनपासून आणि कुंपणापासूनही सोडवून ठेवावे. साठ मीटर उघडी तार म्हणजे आकाशातल्या विजेला आमंत्रणच.

हे सगळे वाचून कोणी विचारील की एवढा व्याप हवाच का? पुष्कळदा नसावाच. गडगा बुटका असेल, पदपथावरून जाणाऱ्या मुलाचा हात तारेला पोहोचत असेल, तर कुंपण बसवूच नये. एक चांगला दिवा आणि जागता शेजारी बरा. काटेरी तारेत ठोका सोडण्यास तर मानकानेच मनाई केली आहे, कारण तिच्यात अडकलेल्या माणसाला तो मधला सेकंद मिळून उपयोग नसतो. ठोके खात तो तिथेच लटकतो. आणि थेट वीज सोडलेल्या तारेने कोणी दगावले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे कलम १०६ आहे, आणि जाणूनबुजून केल्याचे दिसले तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५. “चोर होता” हे उत्तर तिथे पुरत नाही.

राहिल्या पाट्या. कुंपणावर दर दहा मीटरला आणि प्रत्येक फाटकाशी इशाऱ्याची पिवळी पाटी हवी. तारेला लागलेल्या हाताचे काळे चित्र तिच्यावर असते. बाजारच्या पाटीवर मजकूर इंग्रजीत होता. मामांच्या गडग्याखालच्या नळावर येणारी कुटुंबे बहुतेक उत्तर कर्नाटकातली. म्हणून आपल्या कन्नड विभागातल्या एका सहकाऱ्यांकडून मी एक ओळ लिहून घेतली, आणि मामींनी मराठी ओळ सांगितली. वायरमनने दोन्ही पाट्यांवर रंगवल्या. खाऱ्या उन्हात रंग दोन वर्षांत फिका पडतो; येत्या मेमध्ये त्या पुन्हा रंगवायच्या आहेत.